जाईचे पान आणि त्याची मर्यादा

जाई म्हटली की आपल्याला फूल आठवते. वैद्याला मात्र आधी पान आठवते. आयुर्वेदात जाईला ‘जाती’ म्हणतात. भावप्रकाशात मुख, दात, डोळे व मस्तक यांच्या पीडेवर आणि व्रणावर ती गुणकारी सांगितली आहे. बीडसारख्या पाण्याची ओढ असलेल्या जिल्ह्यातही न्हाणीच्या पाण्यावर हा वेल तग धरतो. म्हणून घरातील ज्येष्ठांसाठी त्याचा उपयोग आणि त्याची मर्यादा दोन्ही जाणून घ्यावीत.

ओळख

जाईचे पान संयुक्त असते. एका देठावर बहुधा सात ते अकरा लहान पर्णिका असतात. मोगऱ्याचे पान साधे व चकचकीत असते. रातराणी नावाने सुगंधी असली तरी ती जाईच्या कुळातील नव्हे आणि तिची पाने विषारी आहेत. वेलीविषयी खात्री नसेल, तर पान तोंडात घालू नये.

तोंड आल्यास

जाईची पाने चवीला कडू-तुरट असतात. मूठभर पाने स्वच्छ धुऊन दोन पेले पाण्यात निम्मे उरेपर्यंत उकळावीत. काढा गाळून कोमट झाल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा त्याच्या गुळण्या कराव्यात. तो गिळू नये. कवळी असल्यास ती आधी काढावी आणि ती हिरडीला घासते का, हेही पाहावे. कारण तसेच राहिले, तर काढा किती दिवस पुरणार?

दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा तोंड पुरते न उघडणे, यांवर घरगुती उपाय करीत बसू नये. मिश्री, तंबाखू वा गुटख्याची सवय असलेल्यांनी तर तातडीने तपासणी करून घ्यावी. हा मुखाचा कर्करोगही असू शकतो.

जखम झाल्यास

जात्यादी तेल व घृत व्रणावर पूर्वापार वापरले जाते. तेलात जाईच्या पानांसह कडुनिंब, हळद, मंजिष्ठा आणि तुत्थ म्हणजे मोरचूद असते. म्हणून ते केवळ बाह्य वापरासाठी आहे. पोटात घेऊ नये व तोंडातील व्रणावरही लावू नये. किरकोळ खरचटण्यावर ते वैद्यांच्या सल्ल्याने वापरावे.

मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम मात्र किरकोळ समजू नये. तिथे संवेदना मंदावल्याने दुखतच नाही आणि न दुखणारी जखम लपून वाढते. पू, दुर्गंधी, काळेपणा, सूज किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खाटेवर पडून राहिलेल्या रुग्णाच्या कमरेची व टाचांची त्वचा लाल होताच डॉक्टरांना दाखवावी आणि कूस बदलत राहावे.

सांभाळणाऱ्यांसाठी

ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे बाहेरगावी जातात. घरी राहतात ते आजी-आजोबा आणि नातवंडे. निघण्यापूर्वी आपल्या ज्येष्ठांचे तळवे एकदा पाहा. मागे राहणाऱ्या एखाद्या जाणत्या नातलगावर वा शेजाऱ्यावर ते रोज पाहण्याचे काम सोपवा आणि दवाखान्यात नेण्याची सोय ठरवून ठेवा. दारातला वेल साह्य करील. जखमेवर लक्ष ठेवणे माणसालाच करावे लागते.