दलाल फक्त मुखपृष्ठकार नव्हते



‘पुस्तकात चित्रे काढणारा खरा चित्रकार नव्हे’ हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचे मत मला मुळीच मान्य नाही. दीनानाथ दलाल १९१६ साली मडगावात जन्मले. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तले गड, घोडे आणि मावळे त्यांचेच, कित्येक मुलांनी शिवकाल पहिल्यांदा पाहिला तो तिथेच! आणि त्यांची जलरंगातली निसर्गचित्रे? कागदाचा पांढरेपणा राखून ऊन दाखवणे हे कच्च्या हाताचे काम नाही. १९७१ मध्ये ते गेले. त्यांची निसर्गचित्रे आपण रंगीत पानांवर छापावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मिहान, नागपूर