सकाळी बघू...



सोयाबीनच्या गंज्या दिसल्या की मला एक बकरी आठवते. हसू नका, सांगतो.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात होतो. रात्री वर्गातल्या एका मुलाची आई दारात आली. "गुरुजी, बकरी फुगली जी. सोयाबीन खाल्लं तिनं. डॉक्टर आनाले पाचशे रुपये द्या, मजुरी भेटली का वापस करतो."

पैसे घरात होते. पण बकरीसाठी पाचशे? मी म्हणालो, "सकाळी बघू."

सकाळी बघायला काही उरलं नव्हतं. बकरी गाभण होती. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत कमी आणि मजुरीला जास्त दिसू लागला.

२०२२ साली लम्पी आला. आपल्या अकोला-अमरावतीकडेही जनावरं दगावली. सरकारने लस फुकट दिली. दगावलेल्या दुभत्या गायीमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत जाहीर केली. चांगलंच केलं. पण मनात आलं, मेल्यावर हजारो मिळतात, जिवंत असताना एका रात्रीपुरते पाचशे मिळत नाहीत!

सोयी नाहीत असं नाही. १९६२ वर फोन केला की फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. पण पोटफुगी किंवा अडलेली म्हैस थांबत नाही. रात्री खाजगी डॉक्टर, सलाईन, जनावर न्यायला गाडी, सगळं रोख!

कोणी म्हणेल, "इथे माणसांना औषध मिळत नाही, तुम्ही जनावरांचं काय घेऊन बसलात?" अहो, ज्याला शेत नाही त्याची बकरी म्हणजेच बँक. आणि एकट्या म्हातारीचा कुत्रा? त्याचा हिशेब पैशात होत नाही, तरी तो जगावा असं तिला वाटतंच ना?

माझं म्हणणं एवढंच. भंडाऱ्याला आपण वर्गणी काढतोच. त्यातले दहा हजार गावच्या बचत गटाकडे कायमचे ठेवावेत. पैसे थेट डॉक्टरला आणि औषधाच्या दुकानाला द्यावेत. मालकाने जमेल तशी परतफेड करावी. आणि सभा भरवू नये, एकीने फोनवर हो म्हटलं की पुरे. एखादा फसवेल. फसवू दे. त्यापायी दहा जणांना दारातून परत पाठवू नये.

आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. देवापुढे बकरं कापू नका म्हणून जन्मभर कीर्तनं केली. आपण बकरं कापत नाही, पण "सकाळी बघू" म्हणतो.

त्या गावच्या बचत गटाला मी पाच हजार दिले. त्यातले पाचशे फार उशिराचे आहेत.

असो. तुमच्या गावी काय जमेल ते बघा. आजच बघा.