एका डाउनलोडचा भाव काय?

मंडळी, विषय जरा रुक्ष आहे, पण पैसा आपल्या करातला आहे. वाचाच.

विद्यापीठाचं ग्रंथालय एखादं जर्नल चालू ठेवायचं की बंद करायचं, हे कसं ठरवतं? बहुतेक वेळा वर्गणी भागिले डाउनलोड. लाखाच्या जर्नलमधले हजार लेख उघडले, तर लेख शंभराला पडला. वीसच उघडले तर पाच हजाराला. मग हे दुसरं बंद.

हिशोब चुकीचा नाही, अपुरा आहे. ज्या विभागात तीनच प्राध्यापक, तिथं डाउनलोड वीसच होणार. पण त्या वीस लेखांवर एखाद्याची पीएचडी उभी असते. हे आकड्यात दिसत नाही, विचारल्यावरच कळतं.

पैशाचं ओझं श्रीमंतांनाही झेपत नाही. जर्नलचा खर्च असाच वाढत राहिला तर परवडणार नाही, हे हार्वर्डच्या ग्रंथालय समितीने २०१२ मध्ये प्राध्यापकांना लेखी कळवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सव्हिअरची वर्गणी थांबवली आणि २०२१ मध्ये नव्या अटींवर करार केला. मधल्या काळात तिथले अनेक प्राध्यापक ग्रंथालयाच्या पाठीशी राहिले.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर झालं. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक. म्हणजे वर्षाला माणशी अकराशेच्या आसपास. तालुक्याच्या सरकारी कॉलेजला हे स्वप्नातही परवडलं नसतं. त्यामुळे योजनेला माझा विरोध नाही.

पण तराजू आता दिल्लीत गेलाय. आपल्या प्राध्यापकाला काय लागतं, हे तिथं कोण सांगणार? 'भाषा आणि जीवन', 'समाज प्रबोधन पत्रिका' यांसारखी मराठी नियतकालिकं या प्रकाशकांकडे मिळत नाहीत. त्यांची वर्गणी मोठ्या जर्नल्सच्या मानाने किरकोळ. तरी "आता सगळं ऑनलाइन फुकट आहे" म्हणत कात्री लागेल ती यांनाच, अशी मला भीती वाटते.

माझं म्हणणं एवढंच. जिथं या योजनेमुळे वर्गणीचे पैसे वाचलेत, तिथं ते ग्रंथालयाकडेच राहू द्या. प्रत्येक विभागाला वर्षातून एकदा लेखी विचारा : काय वापरलं, काय मिळालं नाही? ती यादी जाहीर करा. २०२७ नंतर पुन्हा सौदा होईल, तेव्हा आपल्या हातात नुसते डाउनलोडचे आकडे नकोत.

तुमच्या कॉलेजमध्ये असं कुणी विचारलंय का? प्राध्यापक मंडळींनी कमेंटमध्ये जरूर सांगावं.