खारभूमी: बांध उंच झाला, पण उघाडीचे काय?

रायगडच्या खाडीकाठी उधाणाने बांधाला खांड पडली, की मागणी एकच होते: बांध उंच करा. मागणी रास्त आहे, पण अपुरी आहे. बांध खारे पाणी अडवतो; जमिनीतला खार बाहेर काढण्याचे काम उघाडी करते. दुरुस्तीच्या आराखड्यात मात्र तिला बहुधा शेवटचे स्थान मिळते.

उघाडी बिघडली की काय होते?

भरतीच्या दाबाने उघाडीची झडप बंद होते. ओहोटीला आतले पाणी वरचढ झाले, की ती आपोआप उघडते. दिवसाला साधारण दोन भरत्या, म्हणजे निचऱ्यालाही दोनच संधी, त्याही काही तासांच्या. कोकणातला सुमारे ३००० मि.मी. पाऊस क्षार धुऊन काढतो, पण ते पाणी खाडीत गेले तरच उपयोग. झडप गंजून बंद राहिली तर रोपे बुडतात. ओंडका अडकून उघडी राहिली तर खारे पाणी थेट खाचरात येते.

मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता (ईसी) ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली, की भाताचे उत्पादन घटू लागते. पुढे प्रत्येक एककामागे सुमारे १२ टक्के घट धरली जाते. पनवेल-३ सारखे क्षारसहनशील वाण तग धरतात, पण निचऱ्याची जागा वाण घेऊ शकत नाही.

उशीर का परवडत नाही?

खांड तशीच राहिली तर शेतात तिवर रुजते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवन तोडण्यास बंदी आहे. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते, त्यामुळे हे बंधन योग्यच आहे. म्हणूनच खांड वेळेत बुजवणे हाच शेतकऱ्यापुढचा खरा मार्ग आहे.

सुधारणा करताना काय पाहावे?

- उंबरठ्याची पातळी: बाहेर खाडीत गाळ साचला असेल तर नवी झडपही उघडणार नाही. आधी गाळ काढावा.
- मोऱ्यांची संख्या: थोड्या तासांत पडणारा मोठा पाऊस आणि आतले पाणलोट क्षेत्र धरून ठरवावी.
- झडपेचे साहित्य: साधे लोखंड खाऱ्या पाण्यात लवकर गंजते. फायबरची झडप हलकी असते आणि गंजत नाही.
- राखणदार: गोव्यातील खाजणांत मासेमारीसाठी ‘मानस’ अवेळी उघडी ठेवल्याने शेते खारावल्याच्या तक्रारी आहेत. झडपेची जबाबदारी कोणाची, हे गावाने आधीच ठरवावे.

यंदा खारभूमी विभागाला अर्ज देताना बांधाच्या लांबीसोबत प्रत्येक उघाडीची स्थितीही लिहा. पावसाळ्याआधी एका ओहोटीला जाऊन झडप हाताने हलवून पाहा. ती हलली नाही, तर तुमचा अर्ज तिथूनच सुरू होतो.