जकातीतून यंत्र, इमदादीतून शाळा

कासारसाईला साखर कारखाना आहे, धरण आहे आणि थोड्याच अंतरावर हिंजवडीच्या कंपन्या. फर्निचर, फॅब्रिकेशन, वायरिंगच्या कामाला या पट्ट्यात तोटा नाही. आपला कारागीर मात्र ठेकेदाराच्या हाताखाली रोजावरच! हात सफाईदार, पण कोटेशन लिहिता येत नाही; २०१७ पासून जीएसटी आला, त्याचे बिल करता येत नाही. आखातातून परतलेल्यांचीही बहुधा तीच गत. कमाई घर आणि लग्नकार्यात जाते, दुकान काही निघत नाही.

अशा होतकरूंसाठी समाजाने येथे मोफत व्यवसाय प्रशिक्षणशाळा काढावी. नमुन्यासाठी परदेशात जायला नको. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळाच्या न्यासाने सिंडिकेट व कॅनरा बँकेसह ‘रुडसेट’ संस्था काढली. राहणे, जेवण, शिकवणे फुकट आणि पुढे दोन वर्षे पाठपुरावा. सरकारने नंतर हाच नमुना देशभर नेला. खरी मेख पाठपुराव्यात आहे. नुसती प्रमाणपत्रे वाटणारे वर्ग आपण थोडे पाहिले?

आता पैशाचे. जकातीतून इमारत बांधता येणार नाही. हनफी मताप्रमाणे जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून जागा वक्फ किंवा इमदादीतून घ्यावी, हिशेब जाणत्या व्यापाऱ्यांनी शिकवावा आणि जकातीतून हकदार विद्यार्थ्याला वेल्डिंग मशीन वा शिलाई यंत्र द्यावे, कायमचे त्याचे म्हणून. चार व्यापारी बांधवांनी रमजानपूर्वी एकत्र बसावे. सुरुवातीला दोन मुले मिळाली तरी चालतील.