मराठीच्या वर्गाकडून काय मागावे?

जानेवारीत शाळा उघडली की मराठीच्या शिक्षकाला पालक पहिला प्रश्न विचारतात, "गुरुजी, वर्षभरात पोर मराठी बोलेल ना?" बहुतेक ठिकाणी हसून उत्तर मिळते, "बोलेल, बोलेल!"

घर बांधणारा मिस्त्री इतके भोळे उत्तर देत नाही. खोल्या किती, छत केव्हा पडणार, हे तो आधी ठरवून घेतो. मालकाने मध्येच आणखी एक खोली मागितली, तर तिचे पैसे व दिवस वेगळे सांगतो. भाषेच्या कामातही असाच करार हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या मॉरिशसच्या मुलाची स्थिती पाहा. घरात क्रिओल, पुस्तकात इंग्रजी आणि फ्रेंच. रोमन अक्षरे गिरवीत असतानाच ते देवनागरीही गिरवते. क्रिओलमध्ये नामाला लिंग नाही, मराठीत तीन लिंगे! म्हणून मूल 'माझा आई आला' म्हणते, त्यात त्याचा आळस नाही. 'ळ' तर क्रिओलमध्ये नाहीच. अशा मुलाला आठवड्याच्या थोड्या तासांत पहिल्या वर्षी अक्षरओळख, अंक, नात्यांची नावे आणि चार-सहा साधी वाक्ये येतील. हे थोडे नव्हे. पण आजोबांशी गप्पा मारता येणार नाहीत, आणि हे जानेवारीतच, वहीच्या पहिल्या पानावर लिहून सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट गणेश चतुर्थीची. (गणपतीवर आमचा राग नाही!) सण जवळ आला की मंडळाचा निरोप येतो, मुलांची झाकरी बसवा. झाकरी व्हावीच, परंतु तीन आठवड्यांचे वाचन तिच्यात जाते आणि परीक्षेच्या वेळी तेच पालक विचारतात, मूल अडखळते का? झाकरी हवी तर कोणते धडे सोडायचे, हेही मंडळाने शिक्षकांबरोबर बसून ठरवावे.

जानेवारी २०१२ पासून प्राथमिक शाळेत क्रिओल ही वैकल्पिक भाषा झाली. आशा दाखवून निराश केलेल्या पालकाने तो दरवाजा धरला, तर त्याला दोष कसा द्यावा? लहान गावात हजेरीपटावरची चार नावे गेली तरी वर्ग ओस दिसतो.

मात्र करारावर पालकांचीही सही हवी. आजी मराठी बोलत असेल तर रोज दहा मिनिटे मूल तिच्याजवळ बसवावे. ज्या पालकांना स्वतःलाच मराठी येत नाही, त्यांनी मुलाकडून रोज दोन शब्द शिकावेत. येत्या पालकसभेत ही मागणी शिक्षकांनीच प्रथम मांडावी.