फडकं की स्क्रू-ड्रायव्हर?

इथे ओलायात राहायला आल्यापासून जुन्या टोयोटा लँड क्रूझर जपणारे दोन-तीन जण ओळखीचे झालेत. गाड्या १९८० च्या दशकातल्या, साठ सीरिजच्या. शुक्रवारी कधीमधी त्यांच्या दारांचे पॅड उतरवायला मीही हात लावतो (डॉक्टरेटचा एवढा तरी उपयोग!). बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. काच खाली-वर करायच्या हँडलमागे कुणीतरी कधीतरी स्क्रू-ड्रायव्हर खुपसलेला असतो, आणि रेक्झिनला चीर पडलेली असते.

माझं तर स्पष्ट मत झालंय की जुन्या गाडीची आतली नासाडी उन्हापावसापेक्षा अशा घाईच्या हातांनीच जास्त केलीय. इंजिनाचे भाग शोधले की मिळतात, रंग पुन्हा देता येतो. पण ते मूळ रेक्झिन, हँडलमागची ती प्लॅस्टिकची चकती? गेली की गेली!

आणि मंडळी, हँडल काढायला लागतं काय, तर एक जुनं सुती फडकं. आपल्या मारुती ८०० लाही हीच युक्ती चालते. हँडल एका दातेरी दांड्यावर बसतं आणि घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप त्याला मागून धरून ठेवते. हँडल आणि चकती यांच्या फटीत फडकं सरकवायचं, दोन्ही टोकं धरायची आणि बुटाला पॉलिश करतो तसं इकडून तिकडे ओढायचं. क्लिपची वळलेली टोकं कापडात अडकतात आणि क्लिप बाहेर येते. येते म्हणजे उडतेच! म्हणून दुसऱ्या कुणाला तरी समोर हात धरून उभं करावं. त्याआधी काच पूर्ण वर करून हँडल कोणत्या कोनात आहे, ते चिकटपट्टीने टिपून ठेवायचं. परत लावताना क्लिप आधी हँडलमध्ये बसवायची आणि हँडल दांड्यावर दाबायचं. टक् आवाज आला की झालं.

सगळ्याच गाड्यांना हे लागू नाही. १९६७ च्या आधीच्या बीटलमध्ये हँडलच्या आरपार पिन असते. तिथे चकती आत दाबून पिन ठोकून काढावी लागते, फडकं कितीही घासा. काहींत स्क्रूच असतो, पण टोपणाखाली लपलेला. म्हणून हँडल हलत नसेल तर जोर वाढवू नये, टॉर्च आणावा. मेकॅनिकला "आधी दाखव, कशाने धरलंय ते" असं विचारण्यात कसला आलाय कमीपणा?

रियाधच्या उन्हाने प्लॅस्टिक पापडासारखं होतं, त्यामुळे इथे पॅडच्या खुंट्या तुटतातच. पॅड उचलायचं ते खुंटीच्या अगदी शेजारून, रुंद पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने, मध्येच ओढून नाही.

तुमच्याकडे प्रश्न वेगळा. पॅडमागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जाणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते. हा कागद ते पाणी पॅडच्या पुठ्ठ्यापासून दूर ठेवतो. गॅरेजमध्ये तो बिनकामाचा समजून फाडून टाकतात, आणि दोन पावसाळ्यांत पुठ्ठा खालून फुगायला लागतो. वडिलांची मारुती उघडायला देणार असाल, तर तो कागद परत चिकटवल्याशिवाय पॅड लावू देऊ नका. फाटलाच असेल तर जाड प्लॅस्टिक त्याच मापाने कापून लावा. खालची भोकं तेवढी मोकळी ठेवा.